वाटीला वाटी की किलोला किलो?

बंगळुरात नव्याने आलेला मराठी माणूस फळवाल्यापुढे पहिल्यांदा अडखळतो तो केळ्यांपाशी. "डझन कसे दिले?" या प्रश्नाला इथे उत्तर नसतं. वेलची केळी, म्हणजे इथली एलक्की बाळे, किलोवर मिळतात. फणी काट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा, पैसे द्यायचे. आंब्यांचंही तेच. मुंबई-पुण्याचा उन्हाळा ज्या हापुसाच्या पेट्या आणि डझन मोजण्यात जातो, त्याला इथे बदामी म्हणतात, आणि तोही रसपुरी, मल्लिका, तोतापुरीच्या रांगेत गुपचूप काट्यावर चढतो. १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून सुरू झालेल्या हॉपकॉम्सच्या टपऱ्या गावभर आहेत. त्यांच्या दरफलकावरही भाव किलोचाच.

फळ घरात आलं की मात्र वजन दाराबाहेर राहतं. ओट्यावर राज्य वाटीचं.

येलहंका न्यू टाऊनमधल्या एका घरात या उन्हाळ्यात याच गोष्टीवरून मामी आणि भाचा यांची जुंपली. मामी मूळच्या बेळगावच्या. मामा इथल्या रेल व्हील फॅक्टरीत होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यात रेल्वेची चाकं आणि आस तयार होतात, आणि तिथे मापात केसभर चूक झाली तर आख्खा नग बाद होतो. अशा माणसाचा संसार मामींनी एका स्टीलच्या वाटीवर निभावून नेला. भाचा पुण्याचा. नोकरीसाठी इकडे आला, आणि आता शनिवार-रविवारी ऑर्डरचे केक करतो. त्याच्या ओट्यावर एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असतो. त्याला मामींच्या साखरांब्याची कृती हवी होती, पण ग्रॅममध्ये.

"वाटीला वाटी," मामी म्हणाल्या. "कैरी फारच आंबट निघाली तर वर मूठभर साखर. झालं."

"वाटी किती ग्रॅमची, मामी?"

"वाटी ग्रॅमची असते होय रे?"

प्रश्न तिरकस, पण बिनचूक. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. मामींची वाटी सपाट भरली की तिच्यात २०० मिलिलिटर पाणी मावतं, आणि पाण्याचं वजन तेवढेच ग्रॅम भरतं. तिथवर हिशेब सरळ आहे. त्याच वाटीत साखर घातली तर भरते सुमारे १७० ग्रॅम, मैदा चाळून घातला तर शंभराच्या आसपास, मध ओतला तर २८०. म्हणजे एकाच वाटीचे चार पदार्थांत चार आकडे. तरी हे सगळे शहाण्यासारखे वागणारे पदार्थ. साखरेचे दाणे आज जेवढे तेवढेच उद्या असतात. फळाचं तसं नाही. ते कापलं, किसलं, कुस्करलं की दर वेळी नवा आकडा देतं.

भाच्याने पुरावा काढला तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांतून. तिथला प्रमाण कप जवळजवळ २३७ मिलिलिटरचा. त्यात अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या घातल्या तर वजन १४४ ग्रॅम. अर्ध्या कापल्या तर १५२, चकत्या केल्या तर १६६, आणि मिक्सरमधून काढल्या तर २३२. फळ तेच, कप तोच. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीलाही हेच लागू होणार. "एक कप स्ट्रॉबेरी" एवढंच लिहिलेल्या कृतीत १४४ ग्रॅम घ्यायचे की २३२, हे लिहिणाऱ्याच्या मनात असतं, कागदावर नसतं.

"मधलं कुठं गेलं मग?" मामींनी विचारलं.

"मध्ये हवा असते."

ही हवा मोजण्याचा नाद माणसाला जुना आहे. ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधणाऱ्या केप्लरने १६११ मध्ये असा कयास मांडला की सारख्या आकाराचे गोळे कितीही हुशारीने रचले तरी ते एकूण जागेच्या ७४ टक्क्यांहून अधिक व्यापू शकत नाहीत. फळवाला मोसंब्यांचा जो मनोरा रचतो तीच ती उत्तम रचना. हे सिद्ध करायला गणिताला १९९८ उजाडलं. थॉमस हेल्सने ते केलं, तेही संगणकाची मदत घेऊन. आणि रचायच्या भानगडीत न पडता गोळे नुसते ओतले, तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. आता कपात बिनबियांची द्राक्षं टाकून बघा: त्याच तक्त्यात आकडा आहे १५१ ग्रॅम. कप २३७ मिलिलिटरचा. भागाकार केला की ०.६४ येतात. द्राक्ष पाण्याहून जरासं जड आणि पुरतं गोलही नसतं, तेव्हा हा आकडा हुबेहूब जुळणं थोडं योगायोगाचं. तरी कपाचा तिसरा हिस्सा मोकळा असतो एवढं त्यातून नक्की कळतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तिसरा हिस्सा वारा शिजवत होते म्हण की." मामी हसल्या. "बरं, पण वारा साखरेतही असतो ना? मग फिटंफाट."

त्यांची खरी बाजू इथे सुरू होते, आणि ती कच्ची नाही. त्या म्हणतात, मला अमेरिकेच्या कपाशी काय करायचंय? जगात कपांचीही एकवाक्यता नाही. अमेरिकेचा २३७ चा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा, आणि भाताच्या कुकरबरोबर येतो तो १८० चा. बाजारात मिळणाऱ्या मापांच्या संचांवर कुठे २४० लिहिलेलं असतं, कुठे २५०. या गोंधळावर घरच्या वाटीचं उत्तर सोपं आहे: फळ आणि साखर दोन्ही त्याच वाटीने घे. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. आजीची वाटी हरवली आणि सुनेने दुसरी घेतली, तरी साखरांबा बिघडत नाही. त्याच्या काट्याला सेल लागतात, वाटीला काहीच लागत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापानेच स्वयंपाक शिकवला, आणि त्या पुस्तकावर संसार मांडणाऱ्या मुली काही उपाशी राहिल्या नाहीत.

"वाटीचा आकार कटतो, मान्य," भाचा म्हणाला. "भरणं कटत नाही. तुम्ही कीस दाबून भरता की हलक्या हाताने?"

"दाबून कशाला? कीस घ्यायचा तसा घ्यायचा."

"तसा म्हणजे कसा?"

मामी गप्प झाल्या. पण लगेच त्यांना बेळगावचं वडिलांचं दुकान आठवलं. तिथे धान्य मापाने जायचं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जोंधळा भरताना माप शीग लावून द्यायचं की फळी फिरवून सपाट, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात रोज झकाझकी व्हायची. हाताचा नेम चुकवून माप पोकळ भरणारे दुकानदार तेव्हाही होतेच. 'मापात पाप' उगाच म्हणत नाहीत. गंमत अशी की शेर नावाचं माप होतं तसंच शेर नावाचं वजनही होतं. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर ९३३ ग्रॅमचा. धान्य मापी शेराने, गूळ-तूप वजनी शेराने, आणि बायकांना दोन्ही हिशेब तोंडपाठ. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून किलो-लिटर येऊ लागले आणि पुढल्या काही वर्षांत शेर, पायली व्यवहारातून सक्तीने गेल्या. दुकानांतून गेल्या, घरातल्या डब्यांत पायलीचं माप पुढेही बराच काळ तांदळात रुतून बसलेलं असायचं.

बंगळुरातही 'पावु' हे तांदळाचं जुनं माप अजून कुणाकुणाच्या घरात निघतं, आणि फुलांच्या माळा तर आजही कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या 'मोळा'ने विकल्या जातात. फुलवालीचा हात आखूड असला तर गिऱ्हाइकाने काय करावं, हा प्रश्न कुठल्याही काट्याने सुटलेला नाही. असो.

भाच्याने वाटी काट्यावर ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि मामींना म्हणाला, "भरा. नेहमीसारखी."

हलक्या हाताने भरलेल्या वाटीत कैरीचा कीस निघाला ९५ ग्रॅम. मग त्याने तोच कीस चमच्याने दाबत दाबत भरला. वाटीत १५० ग्रॅम बसले. साखर दोन्ही वेळा १७० च.

आता "वाटीला वाटी" म्हणजे काय? वजनात पाहिलं तर मामींच्या हातची कृती किसाच्या जवळजवळ पावणेदोन पट साखरेची आहे. दाबून भरणाऱ्या शेजारणीची तीच कृती किसाहून थोडीशीच जास्त साखरेची. दोघी एकच वाक्य सांगणार, दोघींच्या बरण्यांत वेगळा पदार्थ. आणि तिसरा गडी, म्हणजे हा भाचा, "वाटीला वाटी" चं भाषांतर "किलोला किलो" असं करून बसला असता तर त्याच्या पातेल्यात मामींच्या साखरेच्या साधारण पंचावन्न टक्केच साखर पडली असती. माप बदलायचं आणि प्रमाण तसंच ठेवायचं, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक. ती काट्यावर भाळलेल्यांच्याच हातून होते. वाटीवाल्यांच्या हातून होण्याचा प्रश्नच येत नाही.

"मग बिघडतं काय? गोड कमी होईल," मामी म्हणाल्या.

गोडी ही त्यातली किरकोळ बाब. साखर इथे राखणदार आहे. ती पाणी धरून ठेवते, आणि बुरशीला जगण्यापुरतं पाणी मिळू देत नाही. त्यासाठी विरघळलेल्या घटकांचं प्रमाण तयार पदार्थात ६५ टक्क्यांच्या वर लागतं. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनी जॅम आणि मुरब्बा दोन्हींसाठी हीच खालची मर्यादा घातली आहे. एक किलो किसाला पावणेदोन किलो साखर घालणाऱ्या मामींच्या पातेल्यात पाणी मुळातच कमी. कीस पारदर्शक झाला, पाक जरा चिकट आला की उतरवलं, वर्षभर चिंता नाही. किलोला किलो घालणाऱ्याला मात्र दोन किलोंतून अर्धा किलो पाणी उडवावं लागेल. तो मामींच्या खुणेवर, मामींच्या वेळेत उतरवेल तर बरणी पावसाळ्यात बुरशी धरणार.

हा अर्धा किलोचा हिशेब कुठून आला? फळप्रक्रियेच्या आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत जॅम झाला की नाही हे ओळखण्याची एक कसोटी दिलेली असते: घातलेल्या साखरेच्या दीडपट पातेल्यातल्या मालाचं वजन उरलं की आच बंद करायची. किलोभर साखर घातली असेल तर दीड किलो. साखर उडून जात नाही, उडतं ते पाणी. म्हणून साखरेचा वाटा वजनाच्या दोन तृतीयांश झाला की काम फत्ते. पातेल्याचं रिकामं वजन आधी लिहून ठेवलं की पुरे. बंगळुरापासून फार लांब नसलेल्या म्हैसूरला १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, आणि फळं टिकवण्याचं हे शास्त्र देशात रुजवण्यात तिथल्या माणसांचा मोठा हात आहे. घरच्या ओट्याला याहून उपयोगी पडेल असं वजनकाट्याचं दुसरं काम आम्हाला तरी दिसत नाही. लोक काटा सुरुवातीला वापरतात. तो शेवटी वापरायला हवा.

"आम्ही थेंब टाकतो बशीत," मामी म्हणाल्या. "पसरला नाही की झालं."

"तेही चालतं. पुस्तकात तेही आहे."

"मग?"

मग काही नाही. इथे मामींचा एक गुण मान्य करायला हवा, आणि भाच्याने तो मुकाट्याने दिलाही, कारण त्याच आठवड्यात तो थर्मामीटर लावून अननसाचा जॅम करायला बसला होता. परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं, १०५ अंशांवर उतरवा. पण ते समुद्रसपाटीवरचं. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. इथे पाणीच ९७ अंशांना उकळतं. त्यामुळे मुंबईत १०५ ला होणारा जॅम येलहंक्यात १०२ च्या आसपासच होऊन जातो. इथे जो १०५ ची वाट पाहत बसेल त्याच्या पातेल्यात गोळीबंद पाक तयार होईल. बशीतल्या थेंबाला मात्र उंचीचं काही पडलेलं नसतं. दीडपटीच्या कसोटीलाही नसतं.

नियमांतली आणखी एक गंमत भाच्याच्या लक्षात आली. जॅम म्हणून विकायचं तर तयार मालात फळ किमान ४५ टक्के हवं, मुरब्ब्यात किमान ५५. स्ट्रॉबेरीसारख्या फळाला सूट आहे, तिथे जॅममध्ये २५ चालतात. मामींची हलक्या हाताची वाटी घ्या: १७० ग्रॅम साखर, दीडपटीने तयार माल २५५ ग्रॅम, त्यात कीस ९५. म्हणजे ३७ टक्के. दाबून भरलेल्या वाटीचा हिशेब येतो ५९ टक्के.

"म्हणजे माझा साखरांबा कायद्याने जॅमसुद्धा नाही?"

"नाही. शेजारच्या काकूंचा मात्र मुरब्बा म्हणूनही पास."

"तिचा दरवर्षी काळा पडतो," मामी म्हणाल्या. यावर नियमावलीत काही नाही. पण कारण उघड आहे. दाबून भरलेल्या किसातलं जास्तीचं पाणी उडवायला जास्त वेळ आच लागते, आणि तेवढ्यात रंग जातो. मामींचा साखरांबा केशरी राहतो तो साखरेच्या जोरावर.

इथवर ऐकणाऱ्याला वाटेल की काट्याने बाजी मारली. पण मामींनी आपला हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता. "तुझा काटा खरा, कबूल. पण तू तोलतोस काय? बाजारातला किलो की पातेल्यातला किलो?"

फळाच्या बाबतीत हा प्रश्न बारीकसारीक नाही. अननसाचा निम्मा भाग साल, डोळे आणि मधला दांडा यांत जातो. केळ्याची साल वजनाचा तिसरा हिस्सा खाते. सीताफळाचं साल-बी काढलं की जेमतेम निम्मं हाती येतं. फणसाचं तर विचारूच नका. त्याचा बराचसा भाग गाईच्या वाट्याचा. "एक किलो अननस" लिहिणारा अख्खा म्हणतोय की सोललेला, हे कळलं नाही तर वजन घेऊनही अंदाजपंचे दाहोदरसेच.

केळ्यात तर दुहेरी फसगत. परदेशी केकच्या कृतीत "तीन केळी" असतात. त्यांचं मध्यम केळं सोलून ११८ ग्रॅम भरतं, म्हणजे तीन केळ्यांचा गर साडेतीनशे ग्रॅम. येलहंक्यातलं वेलची केळं सोललं की चाळीस-पन्नास ग्रॅम. तीन केळ्यांत केक दगड होणार, सात-आठ लागतील. इथे काटा उपयोगी पडतो हे मामींनाही मान्य. पण "एक कप केळं" लिहिलेलं असेल तर? चकत्यांचा कप १५० ग्रॅमचा, कुस्करलेल्याचा २२५ चा. मधले ७५ ग्रॅम चुकून जास्त पडले, आणि केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तर केकच्या तळाशी तो ओला, रबरी पट्टा बसतो. त्याला ओव्हनचा दोष समजून लोक ओव्हन बदलतात.

मग द्राक्षांची पाळी आली. बंगळूर ब्लू हे इथलं जांभळं, आंबटगोड, बियांचं द्राक्ष. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलारकडे पिकतं, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. चिमटीत दाबलं की गर सुटून बाहेर येतो आणि साल हातात राहते. भाच्याला त्याचा केकवर घालायला थर करायचा होता. तक्त्यात द्राक्षांचा कप १५१ ग्रॅम, म्हणून त्याने दोन कपांना ३०२ ग्रॅम तोलले. पण त्याच तक्त्यात साल सुटणाऱ्या द्राक्षांची ओळ वेगळी आहे, आणि तिथे एका कपाचा आकडा आहे फक्त ९२.

"अर्ध्याच्या जवळ? ही द्राक्षं काय पोकळ असतात?" मामा पहिल्यांदाच बोलले.

पोकळ नव्हेत. कपात घालताना ती जवळपास तेवढीच भरतात. पण तक्ता खाण्याजोग्या भागाचं वजन सांगतो, आणि या जातीत साल, बिया, देठ मिळून ४२ टक्के टाकून द्यायचे असं त्यात धरलं आहे. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्तेही असेच खाण्याजोग्या १०० ग्रॅमवर बेतलेले असतात. आता मामी बंगळूर ब्लूची साल टाकत नाहीत. सालीसकट उकळतात, रंग सालीतच असतो म्हणतात, आणि बिया तेवढ्या गाळणीवर काढतात. त्यांच्या घरासाठी ९२ ही चूक आणि १५१ ही चूक. खरा आकडा दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि तो कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. स्वतः उकळून, गाळून, तोलूनच काढावा लागेल.

या पोषण संस्थेबद्दल एक गोष्ट मामींना फार आवडली. घरोघर जाऊन कोण काय खातं याची पाहणी करणारे तिचे लोक ठरावीक मापांच्या वाट्यांचा संच बरोबर नेतात. काल किती आमटी खाल्ली हे कुठलीही बाई ग्रॅममध्ये सांगू शकत नाही. ही वाटी की ती वाटी, हे मात्र लगेच सांगते. आकडेमोड नंतर होते, कागदावर. "बघ, शास्त्रज्ञसुद्धा दारात वाटी घेऊन येतात," मामी म्हणाल्या. भाच्याने निमूटपणे मान हलवली. ग्रॅम शेवटी येतातच, हे सांगायचं त्याने त्या दिवशी टाळलं.

मामांचा मुद्दा वेगळाच होता, कारखान्यातला. तिथे कुठल्याही मापाबरोबर दुसरा आकडा लिहिलेला असतो: किती चुकलं तर चालेल. तुमच्या दोघांच्या भांडणात तो आकडाच नाही, असं ते म्हणाले. शिकरणाला केळं तोलणारा माणूस येडा. कोशिंबिरीत डाळिंबाचे दाणे, फ्रूट सॅलडमध्ये पपई, पन्ह्यात कैरीचा गर, यांत वीस टक्के इकडेतिकडे झालं तर जीभ सांभाळून घेते; ढवळताना चव बघता येते. केक ओव्हनमध्ये गेला की चव बघून दुरुस्ती नाही. साखरांब्याची चूक कळते तीन महिन्यांनी, बरणी उघडल्यावर. उशिरा कळणाऱ्या चुकीला काटा, लगेच कळणाऱ्या चुकीला वाटी. एवढं बोलून मामा पेपरात शिरले. कुठे तोलायचं आणि कुठे नाही याची इतकी नेमकी रेघ स्वयंपाकाच्या जाड जाड पुस्तकांतही क्वचितच सापडते.

शेवटी ठरलं ते असं. बाहेरचा तक्ता भिंतीवर लावायचा नाही. मामींची वाटी, मामींची किसणी, मामींचा हात, यांचाच तक्ता करायचा. प्रत्येक फळ निवडून, सोलून, जसं पातेल्यात जाणार तसं चिरून, वाटी तीनदा भरायची, तीनदा तोलायची आणि मधला आकडा लिहायचा. बाजूला कापण्याची तऱ्हा लिहायची: जाड किसणी की बारीक, फोडी बोटाएवढ्या की पेराएवढ्या. अख्खं फळ किती ग्रॅमचं होतं आणि हाती किती लागलं तेही, म्हणजे पुढल्या वेळी हॉपकॉम्सवर किती किलो मागायचं ते कळेल. मामींनी त्यात महिन्याचा रकाना घालायला लावला. चैत्रातली कोवळी कैरी कोरडी किसली जाते, वैशाखाच्या शेवटची पाणी सोडते, आणि पाणी सुटलेला कीस वाटीत आपोआप दबतो. हे भाच्याच्या कुठल्याही तक्त्यात नव्हतं. त्याने ताडून पाहायचं ठरवलं.

वहीतली पहिली ओळ भाच्याने लिहिली: कैरीचा कीस, जाड किसणी, हलक्या हाताने, २०० मिलिची वाटी, ९५ ग्रॅम, साखर १७०, उतरवताना २५५. "मूठभर जास्त" चं काय करायचं यावर पुन्हा वाद झाला. मामींची मूठ तोलली, तिच्यात साखर एकदा ३८ ग्रॅम निघाली, एकदा ५१. मामी म्हणाल्या, कैरीच्या आंबटपणावर मूठ लहानमोठी होते, त्यात माझी चूक नाही. तिथे भाच्याने आकडा न लिहिता नुसतं 'मूठ' लिहिलं.

दुसऱ्या ओळीला फणस आला. दोड्डबळ्ळापूरजवळच्या तुबगेरेकडचे फणस येलहंक्याच्या रस्त्याकडेला या दिवसांत लागतात, आणि मामींना सांदणं करायची होती. भाच्याने काटा पुसला, वाटी ठेवली, शून्य केलं.

"गरे आठळीसकट तोलायचे की काढून?"

"काढून. पण आठळ्या टाकू नकोस," मामी म्हणाल्या. "त्यांची भाजी होते. त्या वेगळ्या तोल, आणि वेगळ्या लिही."